रात्री दाणे टिपत होती, सकाळी मेलेली

प्रश्न: आम्ही इंदूरला लोकमान्य नगरात राहतो. मागच्या अंगणात चार कोंबड्या होत्या: दोन कडकनाथ, एक गावठी आणि एक तांबडी. तांबडीचं नाव जिलबी, माझ्या तिसरीतल्या मुलानं ठेवलेलं. रविवारी सकाळी खुराडं उघडलं तर ती दांडीखाली मरून पडली होती, अंग ताठ. शनिवारी संध्याकाळी तर सगळ्यांच्या आधी ताटलीवर तुटून पडली होती. जखम नाही, रक्त नाही, पिसंही विस्कटलेली नाहीत. तुरा तेवढा फिकट वाटला. अंगानं चांगली गुटगुटीत, जवळपास रोज अंडं द्यायची. सीताफळाच्या झाडाखाली पुरली. आज गुरुवार, बाकीच्या तिघी ठीक दिसतात. आमचं काय चुकलं? त्यांना धोका आहे का? अंडी खावीत का? मुलगा रोज रडतो, आणि सासूबाई म्हणतात, कोंबडीच तर होती.

उत्तर: आधी तिघींचं बोलू. जिलबीसाठी आता करण्यासारखं काही नाही, त्यांच्यासाठी आहे.

एक कोंबडी गेली आणि बाकीच्या चार दिवसांनंतरही खाऊनपिऊन, एकमेकींना टोचून मजेत आहेत, तर साथ असण्याची शक्यता कमी. संपली असं नाही, कमी. मानमोडी, म्हणजे राणीखेत, शरीरात शिरल्यावर साधारण पाच-सहा दिवसांत दिसतो, पण कधी कधी दोन आठवडेही घेतो. म्हणून रविवारपासून चौदा दिवस मोजा. या दिवसांत नवी कोंबडी आणायची नाही, कुणाला द्यायची नाही, खुराड्यात जायच्या चपला वेगळ्या आणि बाहेर आलं की साबणानं हात. सकाळी दार उघडलं की पाच मिनिटं नुसतं उभं राहून बघा. कोण शेवटी बाहेर येते, कुणाचे पंख गळालेत, कुणाच्या नाकातून पाणी येतंय, कुणाची मान पिळवटतेय, विष्ठा हिरवट पातळ आहे का. माझा स्वतःचा नियम सोपा आहे: दाणे टाकल्यावर जी धावत येत नाही ती आजारी. बाकी तपासणी नंतर.

या चौदा दिवसांत दुसरी गेली तर मात्र पुरायची घाई नको. उघड्या हातानं उचलू नका, सरळ १९६२ या पशुसेवेच्या नंबरवर किंवा जवळच्या सरकारी पशुचिकित्सालयात कळवा. बर्ड फ्लूचं नाव निघालं की आपल्याकडे लोक एक तर हसतात नाही तर पळतात, आणि दोन्हीचा उपयोग नाही. २०२० च्या डिसेंबरअखेरीस याच इंदुरात डेली कॉलेजच्या आवारात कावळे मरून पडले होते. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले आणि एच५एन८, म्हणजे बर्ड फ्लूचाच एक प्रकार, निघाला. त्याच्या कितीतरी आधी, २००६ च्या फेब्रुवारीत, महाराष्ट्रातल्या नवापूरला बर्ड फ्लूची देशातली पहिली साथ आली होती. तो रोग कळवणं कायद्यानंच बंधनकारक आहे. पण त्यात एक कोंबडी जाऊन गोष्ट थांबत नाही, पाठोपाठ दुसऱ्याही जातात आणि अंडी एकदम बंद होतात. तुमच्याकडे तसं चित्र नाही. तरी अंगणात कावळा किंवा कबूतर मेलेलं दिसलं तर तेही कळवा.

तिघींची अंडी खायला हरकत नाही, फक्त पूर्ण शिजवून. मुलाचं हाफ फ्राय दोन आठवडे बंद.

कडकनाथबद्दल एक वेगळी सूचना. आजारी कोंबडी ओळखायला आम्ही आधी तुऱ्याचा रंग बघतो. निळसर झाला की श्वास, हृदय किंवा संसर्ग, पांढुरका झाला की रक्त कमी. कडकनाथचा तुराच काळपट, कातडी काळी, मांससुद्धा काळं. झाबुआकडे तिला कालामासी म्हणतात ते त्यासाठीच. रंगावरून काही कळायचं नाही. तिची जीभ आणि टाळू निरोगी असताना एकदा बघून ठेवा, आणि आठवड्याला उचलून छातीचं हाड चाचपा. हाडाच्या दोन्ही बाजूंना मांस भरलेलं हवं. बोटाला नुसती धार लागली तर ती कितीतरी दिवसांपासून झिजतेय.

आता जिलबी. ती पुरली गेली आहे, त्यामुळे नक्की कारण कुणीच सांगू शकणार नाही. तुम्ही लिहिलेल्या तीन गोष्टी मात्र मला सोडवत नाहीत: गुटगुटीत होती, जवळपास रोज अंडं द्यायची, तुरा फिकट होता. मेल्यानंतर तुरा तसाही उतरतो, त्यामुळे ही खूण झाली, पुरावा नव्हे. तरी मी पैज लावायची तर यकृतावर लावीन. कारण हे मी माझ्याच अंगणात पाहिलंय.

आमचे हे रिटायर झाले तेव्हा माझ्याकडे सहा कोंबड्या होत्या. त्यांतल्या एका तांबडीनं यांना आपलं मानलं. सकाळी पेपर वाचताना ती खुर्चीच्या पायाशी. पोहे खाताना चार दाणे तिला, त्यावरची शेव तिला, दुपारी मक्याचं कणीस आलं की अर्धं तिचं. मी बोलायचे, पण किती बोलणार. एका मे महिन्यात ती सकाळी अंडं घालायच्या खोक्यातच मेलेली सापडली. मी पशुवैद्य, पस्तीस वर्षं हेच काम करत आलेय, तेव्हा रडणं बाजूला ठेवून तिला मागच्या धुण्याच्या दगडावर घेतलं. कातडीखाली हाताला लागली ती चरबी, बोटभर जाडीची, पिवळी. पोट उघडलं आणि आत रक्ताची भली मोठी गुठळी, काळपट लाल, यकृताला बिलगून बसलेली. गुठळी काढली तर खालचं यकृत खव्यासारखं फिकट पिवळं, अंगठा टेकवला तेवढ्यानं भुगा झालं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे अंडाशयाच्या नळीत खाली एक पूर्ण तयार अंडं, कवचासकट. तासाभरात घातलं असतं तिनं.

याला मेदयुक्त यकृत फुटणं म्हणता येईल. अंड्यांसाठी तयार केलेल्या तांबड्या जातींत हे नेहमी दिसतं. कोंबडीचे रानातले पूर्वज वर्षाला दहा-पंधरा अंडी घालतात. तुमच्या जिलबीसारखी तीनशेच्या आसपास. बलकातली सगळी चरबी यकृतात तयार होते, म्हणजे ते बिचारं आधीच रात्रपाळीवर. त्यात मका, पोळी, भात, शेव असं जास्तीचं पडलं, जागा लहान, चालणं कमी आणि वर उन्हाळा, की यकृत चरबीनं भरतं आणि ठिसूळ होतं. मग अंडं घालताना जोर लावला, दांडीवरून उडी मारली, दुसरीनं अंगावर झेप घेतली, एवढंही निमित्त पुरतं. आतल्या आत रक्तस्राव आणि काही मिनिटांत खेळ खलास. आदल्या संध्याकाळी ती आजारी दिसत नाही, उलट सगळ्यांत हावरट तीच असते. तुमची जिलबी ताटलीवर तुटून पडली होती म्हणालात ना?

दुसरा संशय कॅल्शियमचा. अंड्याचं कवच बनायला वीसेक तास लागतात, त्यातला मोठा भाग रात्री, ती दांडीवर झोपलेली असताना. एका कवचाला दोन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम लागतं. खाण्यातून मिळालं नाही तर ती स्वतःच्या हाडांतून काढून देते. तिथलं संपलं की रक्तातलं उतरतं, स्नायू ढिले पडतात, हृदय थांबतं. अशा कोंबड्याही पहाटे मेलेल्याच सापडतात, पोटात अर्धवट अंडं घेऊन. गेल्या महिन्यात तिची अंडी पातळ कवचाची किंवा टोकाला खरखरीत होती का, आठवून बघा.

अंडं अडकून मरणं, किंवा बलक पोटात सांडून पोट सुजणं, हेही अंड्यांच्या कोंबड्यांचेच आजार. पण त्यात एक-दोन दिवस तरी ती शेपटी खाली टाकून, पेंग्विनसारखी उभी दिसते. तुमच्या लक्षात आलं असतं.

ऊन? शब-ए-मालवा म्हणत आपण रात्रीची गार हवा खातो, पण तुमच्या खुराड्याचं छप्पर पत्र्याचं असेल तर आतल्या जीवाला ती लागत नाही. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात. तिच्या अंगाचं तापमानच एक्केचाळीस-बेचाळीस अंश असतं. धापा टाकून जेवढी उष्णता जाईल तेवढीच. उन्हानं जाणारी बहुतेक दुपारी किंवा संध्याकाळी जाते, त्यामुळे जिलबीला हेच झालं असं मला वाटत नाही. तरीही पत्र्यावर पोतं टाकून दुपारी ओलं करा, दोन्ही बाजूंनी जाळी ठेवा, पाण्याचं मडकं सावलीत.

विष हा मुद्दा मी कधीच सोडून देत नाही. माळव्यात जूनमध्ये सोयाबीन पेरणीच्या वेळी औषध चोळलेलं गुलाबी बियाणं गोण्यांतून सांडतं, आणि कोंबडीला रंगीत दाणा दिसला की ती टिपणारच. शेजारी उंदरांसाठी काय ठेवलंय, कुंड्यांवर काय फवारलंय, हे एकदा भांडण न करता विचारून घ्या. बुरशी आलेला मका किंवा शेंगदाण्याची पेंड असेल तर फेकून द्या, पाखडून वापरू नका. बुरशीचं विष पाखडून जात नाही, आणि तेही यकृतावरच जातं.

पटकी नावाचा एक जिवाणूरोगही असा एका रात्रीत नेतो. पाश्चरला १८७९-८० च्या सुमारास लशीची वाट सापडली ती याच रोगावर काम करताना. पण तोही एकटीला नेऊन थांबेल असं सहसा होत नाही. साप असता तर बाकीच्यांनी रात्री आरडाओरडा करून गल्ली जागवली असती. मुंगूस आणि मांजर रक्त सांडल्याशिवाय जात नाहीत.

पुढे कधी असं झालं आणि कारण हवंच असेल, तर पहिल्या तासात एक गोष्ट करा: शव थंड करा. साबणाच्या पाण्यात भिजवून पिसं आतपर्यंत ओली करायची, म्हणजे अंगातली ऊब लवकर निघते. मग दोन पिशव्यांत बांधून बर्फाच्या डब्यात. फ्रीझरमध्ये नको, गोठलं की पेशी फुटतात आणि तपासणाऱ्याला चिखल मिळतो. चोवीस तासांच्या आत महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात, आधी फोन करून, किंवा जिल्ह्याच्या पशुचिकित्सालयात. सोबत कागदावर वय, खाणं, शेवटचं अंडं, लसी, बाकीच्या किती आणि कशा, हे लिहून द्या. घरी फाडून बघण्याचा मोह मी तुमच्यासाठी मंजूर करणार नाही. मी केलं कारण मला हातमोजे, मास्क आणि सवय होती.

पुरलंत ते ठीकच. खड्डा तीन फूट खोल होता का? नसेल तर वर चुना पसरून मोठा दगड ठेवा, नाही तर लोकमान्य नगरातली कुत्री रात्रीत उकरतील. बोअरिंगपासून लांब हवं. कचऱ्याच्या गाडीत टाकली नाहीत हे बरं केलंत, आपल्या शहराचा स्वच्छतेतला पहिला नंबर असल्या पिशव्यांवर टिकत नाही.

मग तुमचा खरा प्रश्न. काय चुकलं?

कोंबडी ही शिकार होणारी जात आहे. कळपात जी आजारी दिसते तिला आधी बाकीच्या टोचतात आणि मग ससाणा उचलतो, म्हणून ती शेवटपर्यंत काही दाखवत नाही. माझ्याकडे येणारे लोक म्हणतात, डॉक्टरबाई, काल तर ठणठणीत होती. काल ती ठणठणीत दिसत होती एवढंच खरं. आता मागे वळून तुम्हाला आठवेल की परवा ती जरा बाजूला उभी होती, मंगळवारी अंडं चुकलं होतं. ते सगळ्याच कोंबड्या करतात, त्या न मेलेल्या असतात म्हणून आपण मोजत नाही.

तरी मी तुम्हाला गुळगुळीत दिलासा देणार नाही. यकृताचा माझा अंदाज बरोबर असेल तर खाण्याचा थोडा वाटा आहे, आणि तो तुमच्या हातातला आहे. कोंबडीला दिवसाला शंभर-एकशेवीस ग्रॅम खाणं पुरतं. त्यातलं नव्वद टक्के अंड्यांच्या कोंबड्यांचं तयार खाद्य हवं. उरलेल्या दहा टक्क्यांत तुमचं प्रेम बसवा, म्हणजे मूठभर. पोळीच्या तुकड्यांऐवजी पालक, मेथीचे देठ, दुधीच्या साली. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत कायम ठेवायचा, जिला हवा ती खाईल. शेव अजिबात नाही. इंदुरात हे सांगणं म्हणजे पाप, मला ठाऊक आहे. राणीखेतची लस तिघींना झाली आहे का तेही बघा. पिल्लांना पहिल्या आठवड्यात डोळ्यात थेंब, मग चौथ्या आठवड्याला पुन्हा, आणि आठ-दहा आठवड्यांची झाली की आर२बी या लशीचं इंजेक्शन. विकत आणलेल्या मोठ्या कोंबड्यांचं हे बहुतेक वेळा कुणालाच माहीत नसतं.

मुलाला खरं सांगा. जिलबी मेली, आजारी होती आणि तिनं ते कुणाला कळू दिलं नाही. गावाला गेली, कुणाला दिली, असलं काही नको, तो उद्या त्या गावाचा पत्ता विचारेल. त्याला कडकनाथ मोजायचं काम द्या. रोज सकाळी कोण आधी बाहेर आली, कुणी किती अंडी दिली, वहीत लिहायचं. मला अशा वहीचा औषधाच्या चिठ्ठीपेक्षा जास्त उपयोग झालाय. रडला तर रडू द्या. दुसरी तांबडी आणून त्याच संध्याकाळी तिचंच नाव ठेवणारे आईबाप मी पाहिलेत, पोरं अशा कोंबडीला हात लावत नाहीत.

सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांच्या पिढीत कोंबडी मेली की पुढचं पिल्लू तयार असायचं, आणि नाव कुणी ठेवायचं नाही. त्यांना एवढंच सांगा की तो कोंबडीसाठी रडत नाही, जिलबीसाठी रडतोय.

बाकीच्या तिघींचंही थोडं बिनसेल. कोंबड्यांत टोचण्याची उतरंड असते, आणि वरची एखादी गेली की कोण पहिली खाणार यावरून आठवडाभर मारामाऱ्या. अंडी कमी होतील, एखादी खुडूक बसेल. आजार समजून औषधं ओतू नका. नवी आणायचीच तर चौदा दिवस तर सोडाच, मी महिनाभर थांबायला सांगीन. आणाल तेव्हा दोन आणा, एकटीला जुन्या तिघी जगू देत नाहीत. आणि त्या दोघींना महिनाभर वेगळ्या जागी ठेवा, पाण्याचं भांडंसुद्धा वेगळं.

आमच्या तांबडीचं सांगायचं राहिलं. दगडावरून उठले तेव्हा हे दारात उभे होते. काय झालं म्हणाले. मी म्हटलं, लिव्हर फुटलं. कशानं? मी म्हटलं, होतं असं या जातीत. त्या दिवशी तेवढंच बोलले, आणि ते खोटं नव्हतं. तिसऱ्या दिवशी पोह्यांची बशी घेऊन ते अंगणात बसले आणि उरलेल्या पाचांपैकी एक जाऊन त्यांच्या पायाशी उभी राहिली. यांनी शेव उचलली. मग मात्र मला सांगावं लागलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. शेव स्वतः खाल्ली, आत गेले आणि भाजीच्या टोपलीतली पालकाची जुडी घेऊन आले. सगळीच आणली, संध्याकाळच्या भाजीची.